३८ शाखा आणि एक रविवार: एसडी-वॅनचं सॉफ्टवेअर बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात मुख्य कार्यालय असलेली मल्टिस्टेट पतसंस्था, शाखा ३८. काही बेळगाव शहरात, बाकीच्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी भागात, आणि सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापुरात. सिस्कोचं एसडी-वॅन आहे, म्हणजे सगळ्या शाखांचं नेटवर्क एका जागेवरून सॉफ्टवेअरने चालवणारी व्यवस्था. वरचे कंट्रोलर (राउटरना चालवणारी मध्यवर्ती यंत्रं) २०.९ या आवृत्तीवर, शाखांतले राउटर १७.९ वर, आणि जायचं आहे २०.१२ व १७.१२ वर. कंट्रोलर पुण्यात भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये, स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवर. संचालक मंडळ म्हणतं, ‘एका रविवारी सगळं उरका, सोमवारी शाखेत कुणाला कळता कामा नये.’ आयटी बघणाऱ्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हे एका रविवारी होईल का, आणि कंट्रोलर बंद असताना शाखा चालू राहतील का?

एका रविवारी होणार नाही, आणि होण्यासारखं असलं तरी करू नये. वरचे कंट्रोलर एका रविवारी करा, शाखा पुढचे तीन-चार आठवडे गटागटाने. सोमवारी कुणाला कळू नये ही मंडळाची अट मात्र रास्त आहे आणि ती पाळता येते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘चालतील’ असंच आहे, पण त्याला एक अट चिकटलेली आहे आणि आपल्या भागात नेमकी तीच अट मोडते. त्यावर सविस्तर लिहितो, कारण पुस्तकी माहितीत ती सापडत नाही.

आधी क्रम. मॅनेजर (सगळं जिथून चालवायचं ते), मग व्हॅलिडेटर (राउटरची ओळख तपासणारा), मग कंट्रोलर (मार्ग वाटणारा), शेवटी शाखांचे राउटर. पहिल्या तिघांना मिळूनही कंट्रोलरच म्हणतात. सिस्कोने २०१७ मध्ये व्हिप्टेला ही कंपनी विकत घेतली तेव्हाची यांची नावं अनुक्रमे व्हीमॅनेज, व्हीबाँड, व्हीस्मार्ट. २०२३ मध्ये नावं बदलली, पण बोलताना सगळे अजून जुनीच वापरतात, मीही पुढे तीच लिहितो. क्रम असा का, तर नव्या आवृत्तीच्या व्हीमॅनेजला जुन्या आवृत्तीचा राउटर सांभाळता येतो, पण जुन्या व्हीमॅनेजने नवा राउटर सांभाळायचा असं ठरलेलंच नाही. त्यामुळे २०.१२ खाली १७.९ चे राउटर महिनाभर राहिले तरी बिघडत नाही. तुम्हाला शाखा सावकाश करायची मुभा मिळते ती यातूनच. मंडळाला हे एवढं एकच समजावलंत तरी ‘सगळं एका दिवसात’ हा आग्रह बराच ढिला पडेल.

आवृत्तीची निवड तुम्ही बरोबर केली आहे. १७.३, १७.६, १७.९, १७.१२, १७.१५ अशी दर तिसरी आवृत्ती जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी असते. मधल्या आवृत्त्यांच्या वाटेला पतसंस्थेने जाऊ नये. आणि १७.१२ मधलीही पहिलीच इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) घेऊ नका, त्यानंतर आलेली, सिस्कोने शिफारस केलेली घ्या. ‘चाललंय ते चालू द्या, कशाला हात लावता’ असं म्हणणारा संचालक प्रत्येक मंडळात असतो. त्याला ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट सांगा: आयओएस एक्सईच्या (राउटरवरच्या सिस्कोच्या सॉफ्टवेअरच्या) वेब पानात सापडलेल्या त्रुटीला धोक्याचे १० पैकी १० गुण मिळाले होते, कारण पासवर्डाशिवाय बाहेरचा माणूस सर्वोच्च अधिकाराचं खातं उघडू शकत होता. वेब पान इंटरनेटकडे उघडं असेल तर अपग्रेडच्याही आधी ते बंद करा, त्याला रविवारची वाट बघायची गरज नाही.

आता व्हीमॅनेज. या सगळ्या कामात मागे फिरता न येणारी पायरी हीच. राउटरवर जुनी इमेज शेजारीच पडून असते, व्हीमॅनेजमध्ये डेटाबेसची रचनाच बदलते आणि तिथून खालच्या आवृत्तीवर उतरण्याची सोय नाही. मागे यायचं म्हणजे आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (मशीनच्या त्या क्षणीच्या नकलेवरून) नाहीतर बॅकअपवरून. म्हणून स्नॅपशॉट मशीन बंद करून घ्या, चालू असताना घेतलेल्या स्नॅपशॉटमध्ये डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत असू शकतो. शिवाय कॉन्फिगरेशन डेटाबेसचा वेगळा बॅकअप घ्या आणि तो पुण्यातून उचलून बेळगावात आणून ठेवा. डिस्कवर जागा किती आहे तेही आठवडाभर आधी बघा. ऐन वेळी जागा कमी पडली की लोक दिसेल ती फाइल उडवत सुटतात.

नवी इमेज चढली, मशीन पुन्हा सुरू झालं, की वेब पान लगेच येत नाही. आत डेटाबेसचं स्थलांतर चालू असतं, सेवा एकामागून एक उठतात. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. या वेळात घाबरून मशीन पुन्हा रिबूट करणं म्हणजे चांगल्या चाललेल्या कामाची माती. चहा घ्या, सेवांची स्थिती कन्सोलवर बघत बसा, हात लावू नका.

व्हीबाँड आणि व्हीस्मार्ट तुमच्याकडे दोन-दोन आहेत, ते एकावेळी एक करा. पहिल्या व्हीस्मार्टवर सगळ्या ३८ शाखांची ओएमपी जोडणी (जिच्यावरून राउटरला मार्ग कळतात ती) परत आली हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. एवढं पाळलं की शाखांना जाणवतही नाही.

आता ती अट. शाखेचा राउटर व्हीस्मार्टकडून मार्ग शिकतो आणि जवळ ठेवतो. सगळे व्हीस्मार्ट एकदम गेले तरी तो त्याच मार्गांवर डेटा पाठवत राहतो. ओएमपीचा ग्रेसफुल रिस्टार्ट म्हणतात तो हाच, आणि मुळातली मुदत आहे ४३,२०० सेकंद, म्हणजे १२ तास. टनेलच्या, म्हणजे दोन राउटरमधल्या कूटबद्ध वाटेच्या, किल्ल्या बदलण्याची मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे २४ तास. किल्ल्यांची मुदत ग्रेसफुल रिस्टार्टच्या निदान दुप्पट हवी असा नियम आहे आणि मुळातले आकडे तसेच ठेवलेले आहेत. तलाठी रजेवर असला तरी उताऱ्याची प्रत घरात असेल तर पेरणी अडत नाही, तसं हे आहे. तुमच्या टेम्प्लेटमध्ये (राउटरच्या कॉन्फिगरेशनच्या साच्यात) कुणी हे आकडे बदलले आहेत का ते मात्र आधी बघा. ‘फेलओव्हर (एक बिघडला की दुसऱ्याकडे वळणं) लवकर व्हावा’ म्हणून बारा तासांचे पाच मिनिटं करून ठेवणारी उत्साही मंडळी असतात.

पण ही प्रत राउटरच्या चालू मेमरीत असते. राउटर बंद होऊन सुरू झाला की ती गेली. मग त्याला पुन्हा व्हीबाँडला ओळख पटवावी लागते, व्हीमॅनेज आणि व्हीस्मार्टशी जोडणी करावी लागते, मार्ग नव्याने घ्यावे लागतात, आणि त्यानंतर टनेल उभे राहतात. व्हीबाँड किंवा व्हीस्मार्ट उपलब्ध नसताना शाखेची वीज गेली तर ती शाखा ते परत येईपर्यंत नुसती उभी राहते. १२ तास खरे आहेत, वीज टिकली तर.

आणि आपल्याकडे वीज टिकत नाही. हेस्कॉमचं भारनियमन किंवा पावसाळ्यात खानापूर-जांबोटी भागात लाइनवर पडलेलं झाड, हा एक भाग झाला. याहून मोठं कारण शाखेतच असतं. संध्याकाळी हिशेब जुळला, तिजोरी बंद झाली, की शिपाई मेन स्विच खाली ओढून कुलूप लावतो. शॉर्टसर्किटची भीती नको, बिलही वाचतं. ही वर्षानुवर्षांची शिस्त आहे आणि तिच्यात चूक काही नाही. मात्र यामुळे दोन गोष्टी होतात. एक, रविवारी रात्री तुम्ही अपग्रेड करायला बसता तेव्हा कित्येक राउटर बंदच असतात. दोन, सोमवारी सकाळी ते सगळे एकाच वेळी थंड अवस्थेतून उठतात, म्हणजे नेमके त्याच घटकेला त्यांना व्हीबाँड, व्हीस्मार्ट सगळं जागेवर लागतं. रविवारी रात्री उशिरापर्यंत व्हीस्मार्टशी झगडत बसलात आणि ‘बारा तास आहेत’ म्हणून निर्धास्त राहिलात, तर सोमवारी साडेनऊला फोन सुरू होतील. म्हणून कंट्रोलरचं काम रविवारी सकाळीच सुरू करा. दुपारी संपायला हवं, आणि संध्याकाळ मागे फिरण्यासाठी राखीव ठेवा.

कुठल्या शाखा रात्री गायब होतात हे शोधायला कुणाला विचारायची गरज नाही. प्रत्येक राउटरचा अपटाइम, म्हणजे तो सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. ज्याचा अपटाइम कधीच दिवसाच्या पुढे जात नाही, तिथे मेन स्विच ओढला जातो. त्या शाखांची यादी करा आणि व्यवस्थापकांना पत्र पाठवा: राउटर, मॉडेम आणि यूपीएस यांची लाइन मेन स्विचच्या आधीपासून वेगळी घ्या. इलेक्ट्रिशियनचं दोन तासांचं काम आहे. अपग्रेडपुरतं म्हणून ‘आज स्विच बंद करू नका’ असा निरोप दिलात तर अर्ध्या ठिकाणी सवयीने बंद होणारच. यूपीएसची बॅटरीही याच फेरीत बघून घ्या. आकडा शंभर टक्के दाखवणारी बॅटरी भाराखाली चार मिनिटांत बसते असं बऱ्याच शाखांत दिसतं, आणि राउटर नव्या इमेजवर उठायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आता शाखांच्या कामाकडे. शाखेतलं अपग्रेड म्हणजे दोन वेगळी कामं आहेत, फाइल पोचवणं आणि फाइल चालू करणं. ही दोन्ही एका रात्री करायला गेलं की गाडी रुतते. हिशेब करा. इमेज साधारण ८०० एमबीची धरली तर ती ६,४०० मेगाबिट झाली. ४ एमबीपीएसच्या लाइनवर, लाइन दुसरं काहीही करत नसताना, २७ मिनिटं. २ एमबीपीएसवर जवळपास ५३ मिनिटं. हे कागदावरचे आकडे. पाकिटं गळणाऱ्या फोर-जी लाइनवर त्याचे तीन-चार तास होतात आणि मधेच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. पुण्याकडून ३८ ठिकाणी एकदम सोडली तर २,४३,२०० मेगाबिट. तिकडची १०० एमबीपीएसची लाइन ४० मिनिटं गच्च. रात्री चालून जाईल, दिवसा केलंत तर काउंटरवरचं कोअर बँकिंग बसेल.

म्हणून फाइल आठवडाभर आधी पोचवा. पाच-सहा शाखांचा एक गट, डे-एंड झाल्यावर, मेन स्विच ओढायच्या आत किंवा वेगळी लाइन झाली असेल तर रात्री. व्हीमॅनेजमध्ये इन्स्टॉल करताना ‘ॲक्टिव्हेट करून रिबूट’ ही खूण काढून टाकायला विसरू नका. ती खूण राहिली तर भर दुपारी शाखा रिबूट होते. राउटरच्या फ्लॅश मेमरीत जागा आहे का ते आधी बघा, जुन्या दोन-दोन इमेज पडून असतात. फाइल पोचल्यावर चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवा. चोर्ला घाटाकडच्या, कणकुंबीसारख्या ठिकाणी शाखा असेल आणि लाइन फारच दुबळी असेल तर इमेज पेन ड्राइव्हवर घालून पुढच्या भेटीला जाणाऱ्या माणसाकडे द्या. यात कमीपणा काही नाही.

फोर-जीबद्दल वेगळं सांगायला हवं. शाखेत मुख्य लाइन आणि बॅकअपला सिम अशी जोडी असेल तर व्हीमॅनेजशी जोडणी कुठल्या लाइनवरून करायची याला पसंतीक्रम देता येतो, ० ते ८, मुळात सगळ्यांना ५. सिमच्या लाइनला ० द्या, म्हणजे इमेज त्या वाटेने येणार नाही आणि महिन्याचा डेटा एका रात्रीत संपणार नाही. ज्या शाखेत सिम ही एकमेव लाइन आहे तिथे मात्र ० देऊन ठेवू नका, नाहीतर राउटर व्हीमॅनेजला कधीच दिसणार नाही. सीमेवरच्या शाखांत आणखी एक गंमत असते. कोगनोळीच्या किंवा शिनोळीच्या आसपास सिमला कर्नाटकचा टॉवर मिळेल की महाराष्ट्राचा याचा नेम नसतो. रिबूटनंतर सिम दुसऱ्याच टॉवरवर गेलं, सर्कल बदललं आणि खासगी एपीएन (सिमला संस्थेसाठी राखलेली वेगळी वाट) चालेना, असं होऊ शकतं. म्हणून अशा शाखेत आधी साध्या दिवशी नुसता रिबूट करून बघा, जुन्याच सॉफ्टवेअरवर. सिम परत नीट जोडलं गेलं तर पुढे जा.

दोन लाइन असलेल्या शाखांतही दोन्ही खरंच चालतात का ते आधी तपासा. एक-एक बंद करून. कागदावर दोन कंपन्या असतात आणि केबल मात्र महामार्गाच्या कडेला एकाच चरातून गेलेल्या असतात, जेसीबीचा एक घाव दोघींना पुरतो. बॅकअप ‘लास्ट रिसॉर्ट’ म्हणून लावलेला असेल तर तो बाकी सगळं पडल्याशिवाय उठतच नाही, त्यामुळे सहा महिने मेलेला असला तरी कुणाला पत्ता नसतो. हे अपग्रेडच्या रात्री कळलं तर राउटर बिघडला की लाइन बिघडली हे ठरवण्यातच पहाट होते.

चाचणीसाठी पहिली शाखा कुठली? बहुतेक जण मुख्य कार्यालयाच्या खालच्या मजल्यावरची निवडतात. तिथे लाइन जाड, यूपीएस मोठा, माणूस हजर. तिथे सगळं चालतंच, त्यामुळे कळत काहीच नाही. मी दोन शाखा घेतो. एक जवळची, टिळकवाडी किंवा शहापूरसारखी, जिथे स्कूटरवर पंधरा मिनिटांत पोचता येतं. दुसरी तुमची सगळ्यात रडकी शाखा, पण रस्त्याने गाठता येण्यासारखी. खानापूर २५ किलोमीटरवर आहे, ते चालेल. अथणी दोन-अडीच तासांवर, ती चाचणीला नको. या दोन्ही शाखा निदान एक आठवडा नव्या सॉफ्टवेअरवर चालू द्या, त्यात एक गर्दीचा दिवस यायलाच हवा.

मग हब. तुमच्याकडे पुण्यात दोन हब राउटर असतील, शाखांचे टनेल जिथे येऊन मिळतात ते. त्यातला एक चाचणीनंतर लगेच करा, दुसरा सगळ्यात शेवटी. मधल्या काळात जुनी शाखा–नवा हब, नवी शाखा–जुना हब अशा सगळ्या जोड्या आपोआप तपासल्या जातात, आणि नव्यात काही गडबड निघाली तर अख्खी वाहतूक जुन्या हबवर ढकलता येते. यावर मतभेद आहेत. काही जण हब आधी संपवून टाकतात, म्हणजे डोक्याला ताप नको. मला ते पटत नाही. एका मोठ्या शाखेत दोन राउटर असतील तर तेही असेच, एकामागून एक. फक्त तिथे टीलॉक एक्स्टेन्शन (एका राउटरची लाइन दुसऱ्यालाही वापरू देणारी जोडणी) आहे का बघा. असेल तर पहिला राउटर बंद झाला की दुसऱ्याची त्याच्यातून येणारी लाइनही जाते, आणि सगळा भार उरलेल्या एका लाइनवर येतो. तो तिला पेलतो का?

मिश्र अवस्थेत असताना टेम्प्लेट आणि पॉलिसीला हात लावू नका. नव्या आवृत्तीतली एखादी सोय मोहात पाडते, ती जुन्या राउटरला कळत नाही आणि ढकललेलं कॉन्फिगरेशन अडकतं. जे काही नवं करायचं ते शेवटचा राउटर झाल्यावर.

आता प्रत्यक्ष ॲक्टिव्हेट करण्याची रात्र. एका रात्री सहा-आठ शाखा पुरेत, त्याही एकमेकींपासून दूरदूरच्या नकोत असं माझं म्हणणं. शेजारशेजारच्याच घ्या: निपाणी, चिकोडी, हुक्केरी एका रात्री, म्हणजे एक माणूस गाडी घेऊन संकेश्वरला थांबला तर कुठेही लवकर पोचतो. दूरदूरच्या शाखा एका गटात घालून ‘धोका विभागला’ असं कागदावर दिसतं, पण गाडी एकच असते.

अपग्रेड-कन्फर्म नावाची एक वेळ ठरवता येते, ५ ते ६० मिनिटांची. नव्या इमेजवर राउटर उठल्यावर तेवढ्या वेळात तुम्ही ‘ठीक आहे’ असं कळवलं नाही, तर तो आपला आपण जुन्या इमेजवर परत जातो. मुळात ही लावलेली नसते. लावा. कन्सोल केबल घेऊन बसलेला माणूस शाखेत नसताना हाच तुमचा माणूस. चांगल्या लाइनवर १५ मिनिटं पुरतात, फोर-जीवर ३० ठेवा, कारण सिम टॉवर शोधत असतानाच वेळ संपली तर धडधाकट झालेलं काम उलटं फिरतं. रिबूटला आठ ते बारा मिनिटं धरा. सातव्या मिनिटाला शाखेत फोन करून ‘बंद करून चालू करा’ म्हणणारे बरेच असतात. नका म्हणू.

शाखेत कुणाला थांबवायचं असेल तर त्याला एक पान द्या: राउटर कुठला, मॉडेम कुठला, कुठला दिवा हिरवा हवा, कशाला हात लावायचा नाही, फोटो काढून कुणाला पाठवायचा. हे पान मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा. अथणी, गोकाककडच्या शाखेत मराठी बोलता येणारा क्लार्क असला तरी त्या रात्री थांबणारा वॉचमन कन्नडच वाचतो.

राउटर आला की तपासायचं काय? कंट्रोल कनेक्शन्स सगळी परत आली का, ओएमपी दोन्ही व्हीस्मार्टशी आहे का, बीएफडी सेशन (टनेल जिवंत आहे का ते तपासणारी) अपग्रेडच्या आधी जेवढी होती तेवढी आहेत का. आधीचा आकडा लिहून ठेवलेला नसेल तर ‘वर आहे’ एवढंच कळतं, ‘पूर्ण वर आहे’ हे कळत नाही. लाइनच्या गुणवत्तेवरून वाहतूक वळवणारी व्यवस्था मुळातल्या मांडणीत दहा-दहा मिनिटांची सहा मोजमापं धरते, म्हणजे तिचं चित्र स्थिर व्हायला एक तास लागतो. पहिल्या वीस मिनिटांत दिसणाऱ्या गळतीवर निर्णय घेऊ नका. आणि सकाळी शाखा उघडल्यावर फोन करून एक पासबुक छापायला सांगा. पिंग चालतो आणि पासबुक छापत नाही, असं होतं, आणि खातेदाराला पिंगशी काही देणंघेणं नसतं.

घड्याळाबद्दल थोडं. कंट्रोलरशी होणारी सगळी ओळख प्रमाणपत्रांवर चालते आणि प्रमाणपत्र तारीख बघतं. जुन्या राउटरच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेलेली असेल तर रिबूटनंतर तो स्वतःला काही वर्षं मागे समजतो. मग त्याच्या हिशेबी कंट्रोलरचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, जोडणी नाकारली जाते. एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवून देणारा) टनेलच्या पलीकडे ठेवलेला असेल तर वेळ मिळायला टनेल हवा आणि टनेलला वेळ हवी, असा घोळ होतो. एनटीपी थेट इंटरनेटच्या बाजूने, व्हीपीएन शून्यातून (राउटरच्या बाहेरच्या लाइन ज्यात असतात त्या भागातून) मिळेल असा ठेवा. सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेतच, आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत, तेव्हा हे काम ऑडिटलाही उपयोगी पडतं.

प्रमाणपत्रांच्या मुदतीही बघून घ्या. ९ मे २०२३ ला व्हीएज या व्हिप्टेलाच्या जुन्या राउटरच्या काही मॉडेलमध्ये कारखान्यातून बसवून आलेल्या प्रमाणपत्राची मुदत संपली. चालू होती ती यंत्रं काही काळ चालत राहिली, ज्यांनी रिबूट केलं त्यांची कंट्रोल जोडणी परत येईना. ‘नवी इमेज येईपर्यंत रिबूट करू नका’ असा सल्ला तेव्हा द्यावा लागला. मेन स्विच ओढणाऱ्या शाखेत तो सल्ला कसा पाळणार, याचा विचार तेव्हा बहुतेकांनी पहिल्यांदा केला.

तारखा. ३१ मार्च आणि त्याच्या पुढे-मागे पंधरा दिवस अजिबात नको. गळीत हंगामात कारखान्यांची उसाची बिलं खात्यावर पडतात त्या आठवड्यात चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या शाखा सोडा. गणपतीच्या दिवसांत बेळगाव शहरात नको. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, गाडी रामदेव गल्लीतून काढता येणार नाही. १ नोव्हेंबर (राज्योत्सव आणि काळा दिन) आणि सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशन असतानाचे दिवसही टाळा. सीमेवर कधी बस थांबतील, कधी नाकाबंदी लागेल सांगता येत नाही, आणि तुमचा माणूस निपाणीला अडकलेला असताना राउटर कागलच्या पलीकडे बंद पडलेला नको. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर तालुक्यातल्या शाखा घेऊ नका, तिथला रॉमॉन (राउटर सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बदलायचा असेल तर मुळीच नाही. साध्या इमेजच्या मधे वीज गेली तर जुनी इमेज असते, रॉमॉन लिहिताना वीज गेली तर यंत्र विटेसारखं पडतं. फेब्रुवारीचा पहिला भाग किंवा दिवाळीनंतरचे आठवडे बरे.

हेच उत्तर दुसऱ्या कंपनीच्या एसडी-वॅनला लागू आहे का असं कुणी विचारेल. क्रम तोच. व्हेलोक्लाउडमध्ये ऑर्केस्ट्रेटर, मग गेटवे, मग एज. फोर्टिनेटमध्ये आधी फोर्टिमॅनेजर, मग फोर्टिगेट, आणि तिथे मधल्या आवृत्त्या कुठल्या क्रमाने घ्यायच्या याचा ठरलेला मार्ग असतो, तो ओलांडून उडी मारू नये. मेन स्विचला कंपनी कुठली याने फरक पडत नाही.

सगळं झाल्यावर जुनी इमेज लगेच उडवू नका. एक पूर्ण महिनाअखेर, व्याजाची नोंद, सगळे अहवाल नव्या सॉफ्टवेअरवर पार पडू द्या. मग प्रत्येक राउटरवर नवी इमेज डिफॉल्ट करा. हे वेगळं करावं लागतं. ॲक्टिव्हेट केल्याने आपोआप होईलच असं धरू नका, आणि डिफॉल्ट जुनीच राहिली असेल तर ती काढताही येत नाही. ते झालं की १७.९ काढून टाका, म्हणजे पुढच्या वेळी फ्लॅशमध्ये जागा मिळेल.